घासलेल्या पॉलिइमाइडवर लिक्विड क्रिस्टल एका दिशेत का बसतात, आणि व्होल्टेज दिल्यावर सेलचे तुकडे का पडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी काही विद्यार्थी टीएन सेल (ट्विस्टेड नेमॅटिक: दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टल, ज्याचे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत ९० अंश वळतात) बनवताहेत. आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक थर) असलेल्या काचेवर पॉलिइमाइड (एक पॉलिमर) स्पिन केलं (काच गरगर फिरवून पातळ पसरवलं), ओव्हनमध्ये बेक केलं, मखमलीनं घासलं, दोन काचा घासण्याच्या दिशा काटकोनात ठेवून जोडल्या आणि मध्ये ई७ हे लिक्विड क्रिस्टलचं मिश्रण भरलं. काही सेल चांगल्या होतात. काहींत रेघा आणि धुरकट पट्टे दिसतात. काही सेल तर एरवी निर्दोष दिसतात, पण व्होल्टेज दिलं की त्यांचे वेडेवाकडे तुकडे पडतात, म्हणजे काच फुटत नाही, आतला द्रव वेगवेगळ्या दिसणाऱ्या भागांत वाटला जातो. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: घासल्यानं पडलेल्या चऱ्यांत रेणू बसतात, तर जास्त घासून पकड (पृष्ठभाग रेणूंना त्या दिशेत किती घट्ट धरतो ती) वाढेल का? तुकडे कशामुळे पडतात? आणि घासणं सोडून यूव्ही किंवा प्लाझ्मानं काम भागेल का?

चऱ्यांची गोष्ट खोटी नाही, पण तुमच्या कामाची नाही. घासलेल्या काचेवर हे द्रव एका दिशेत बसतात हे शार्ल मोगँच्या काळापासून, म्हणजे १९११पासून माहीत आहे. चऱ्यांचं गणित मात्र १९७२मध्ये बेल लॅब्जच्या ड्वाइट बेरेमननं मांडलं. नेमॅटिक द्रवाला, म्हणजे लांबट रेणू साधारण एका दिशेत असलेल्या द्रवाला, एक लवचीकपणा असतो. चऱ्यांना आडवं बसायचं तर त्याला प्रत्येक चढउतारावर वाकावं लागतं, चऱ्यांच्या दिशेनं बसलं तर वाकावं लागत नाही. त्यामुळे त्या दिशेत ऊर्जा कमी लागते. तर्क सुंदर आहे. आता आकडे घाला. चरे एकमेकांपासून १ मायक्रॉनवर आणि मध्यापासून १० नॅनोमीटर वर-खाली धरले, तर दर चौरस मीटरला ज्यूलचा साधारण अडीच कोटीवा भाग एवढी पकड मिळते. चांगल्या घासलेल्या पॉलिइमाइडची मोजलेली पकड ज्यूलच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. फरक अडीच हजार पटींचा झाला. चरे दाट करून २०० नॅनोमीटरवर आणले तरी गणित पंधरा-वीस पटींनी कमीच पडतं.

आकड्यांवर विश्वास नसेल तर पॉलिस्टायरीन घासून बघा. चरे घासण्याच्या दिशेतच पडतात, पण लिक्विड क्रिस्टल त्या दिशेला काटकोनात बसतात. पॉलिस्टायरीनची मुख्य साखळी घासण्याच्या दिशेत ताणली जाते, तिच्या बाजूला लटकणारी बेंझिनची कडी मात्र साखळीला आडवी राहतात, आणि क्रिस्टलचे रेणू त्या कड्यांचं ऐकतात. चरेच मालक असते तर असं झालंच नसतं.

म्हणजे खरं काम साखळ्या करतात. बेल लॅब्जमधल्याच गिअरी, गुडबी, केमेट्झ आणि पटेल यांनी १९८७मध्ये हे स्पष्ट मांडलं: घासताना पृष्ठभागावरचा पॉलिमर ताणला जातो, त्याच्या साखळ्यांना दिशा मिळते आणि वरचा द्रव ती दिशा उचलतो. पुढे १९९५मध्ये आयबीएमच्या टोनी आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर एक्स-रे सोडून घासलेल्या पॉलिइमाइडच्या वरच्या काही नॅनोमीटर थरातल्या साखळ्या खरोखरच वळलेल्या आहेत हे दाखवलं. तुम्ही काचेवर ५० ते १०० नॅनोमीटरचा थर देता आणि त्यातली वरची साय तेवढी कामाला येते. थर जाड केल्यानं पकड वाढत नाही. उलट जाड थरात व्होल्टेजचा वाटा फुकट जातो.

हे एकदा पटलं की बेकिंगचं महत्त्व कळतं. बाटलीत असतं ते बहुतेक वेळा पॉलिइमाइड नसून पॉलिअॅमिक अॅसिड असतं, एनएमपीसारख्या द्रावकात विरघळवलेलं. ८० अंशांवर काही मिनिटं ठेवून द्रावक उडवायचा, मग २०० ते २३० अंशांवर तासभर ठेवून साखळीतली कडी बंद होऊ द्यायची. नेमकं तापमान बाटलीबरोबरच्या कागदावर असतं, तेच पाळा. अर्धवट बेक झालेला थर मऊ राहतो. मखमल त्याला ताणण्याऐवजी ओरबाडते आणि त्याचा चुरा सेलमध्ये जातो. तुमच्या धुरकट पट्ट्यांचं कारण मी आधी इथेच शोधेन. दुसरं म्हणजे उरलेलं द्रावक आणि आयन क्रिस्टलमध्ये उतरतात, आणि मग सेल व्होल्टेज धरून ठेवत नाही. एनएमपी हाताळताना हातमोजे घाला आणि फ्यूम हूडखाली काम करा. गर्भावर परिणाम करणारं द्रावक म्हणून ते नोंदलेलं आहे.

पॉलिइमाइड मिळत नसेल तर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) चालतो. पाण्यात १-२ टक्के, नीट गाळून, स्पिन करून, १०० अंशांच्या थोडं वर वाळवून. दिशा झकास मिळते. पण तो दमट हवेत पाणी धरतो आणि त्याचा प्रीटिल्ट, म्हणजे रेणूंचा काचेपासून वर उचललेला किंचित कल, जेमतेम असतो. हा शब्द लक्षात ठेवा, तुमच्या तुकड्यांचं मूळ बहुधा तिथेच आहे.

आता 'जास्त घासलं तर?' कारखान्यात रबिंगची, म्हणजे घासण्याची, ताकद मोजायला एक साधं सूत्र वापरतात: पृष्ठभागाच्या एका बिंदूवरून एकूण किती लांबीचं कापड गेलं. समजा रोलरची त्रिज्या ५० मिलिमीटर, फेरे मिनिटाला ६००, काच रोलरखालून सेकंदाला २० मिलिमीटर वेगानं उलट्या दिशेनं जातेय आणि मखमलीचे तंतू ०.३ मिलिमीटर दाबले गेलेत. कापडाचा वेग सेकंदाला सुमारे ३.१४ मीटर झाला, काचेच्या १५७ पट. तंतू काचेला टेकतात तो पट्टा साधारण ११ मिलिमीटर रुंद. म्हणजे काच एकदा रोलरखालून गेली की प्रत्येक बिंदूवरून १.७ मीटरच्या आसपास कापड गेलं. दाब दुप्पट केला तर हा आकडा फक्त १.४ पट होतो, कारण पट्ट्याची रुंदी दाबाच्या वर्गमुळानं वाढते. पण तंतू जास्त वाकतात, टोकांऐवजी कुशीनं घासतात आणि ओरखडे वाढतात. म्हणून ताकद वाढवायचीच तर रोलरचे फेरे किंवा काचेचा वेग बदलावा, दाब शेवटी.

पकड एका मर्यादेपर्यंत वाढते आणि मग थांबते. त्यापुढे घासलं तर वाढतात ते ओरखडे, चुरा आणि स्थिर वीज. बऱ्याच पॉलिइमाइडांत, विशेषतः बाजूला लांब शेपट्या असलेल्यांत, जोरात घासल्यानं प्रीटिल्ट उलट खाली येतो. त्यामुळे 'अजून दहा हात मारा' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

हातानं घासत असाल तर काचेपेक्षा मोठ्या, सपाट ठोकळ्याला मखमल ताणून लावा. ठोकळ्याचं वजनच पुरे, वरून दाबू नका. मखमलीलाही स्वतःचा कल असतो. तिच्यावरून बोट फिरवलं की एका बाजूनं गुळगुळीत लागते, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. कल नेहमी घासण्याच्या दिशेत ठेवा, आणि बॅचमधल्या सगळ्या काचांना तसाच. एका दिशेनं ओढायचं, परत येताना ठोकळा उचलायचा. हा उचलण्याचा मुद्दा बारीक वाटतो, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. कारण पुढे सांगतो. घासल्यावर काच शुद्ध पाण्यानं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलकेच धुवा, नायट्रोजननं वाळवा आणि त्याच दिवशी सेल जोडा.

आता तुकडे.

घासण्याला फक्त अक्ष नसतो, त्याला डोकं आणि शेपूट असते. केस विंचरल्यावर ते एका बाजूला कलतात, तशा साखळ्याही घासण्याच्या दिशेत किंचित वर उचललेल्या राहतात. एक्स-रे शोषणाच्या मोजमापांत हा कल दिसलेला आहे. त्यावर बसलेला क्रिस्टलचा रेणूही काचेला पूर्ण समांतर न राहता १ ते ३ अंश वर तोंड करतो. हाच प्रीटिल्ट. व्होल्टेज दिलं की रेणूंना उभं राहायचं असतं. प्रीटिल्ट त्यांना सांगतो की कोणतं टोक वर करायचं. तो नसेल तर सेलच्या एका भागात रेणू डावं टोक उचलतात, दुसऱ्या भागात उजवं, आणि दोन भागांच्या सीमेवर एक भिंत उभी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पडलेल्या सेलमध्ये त्या भिंती चमकत्या रेषांसारख्या दिसतात. कुठे स्पेसरच्या (काचांमधलं अंतर राखणाऱ्या) मण्याला अडकतात, कुठे हळूहळू आकसून नाहीशा होतात.

तुम्ही येता-जाता दोन्ही दिशांनी घासलं असेल तर अक्ष उत्तम मिळतो, पण कल एकमेकांना मारतात. सेल व्होल्टेजशिवाय निर्दोष दिसते, व्होल्टेज दिलं की फुटते. तुमच्या वर्णनाशी हे नेमकं जुळतं.

पण दुसरं एक कारण अगदी असंच दिसतं, म्हणून दोन्ही वेगळी करावी लागतात. टीएन सेलमध्ये रेणू खालच्या काचेपासून वरच्या काचेपर्यंत ९० अंश वळतात. ते डावीकडून वळू शकतात किंवा उजवीकडून. दोन्ही काचांवरचे प्रीटिल्ट एकाच पद्धतीच्या वळणाशी जुळतात. त्या वळणात सगळे रेणू एकाच बाजूला कललेले राहतात. उलट्या वळणात खालचे रेणू एकीकडे कलतात, वरचे दुसरीकडे, आणि मधले सपाट पडतात. व्होल्टेज दिल्यावर मधल्यांना दिशा सांगणारं कुणी उरत नाही. आता तुम्ही एस-८११ सारखं डावं वळण देणारं कायरल डोपंट (रेणूंना एकाच बाजूनं वळायला लावणारा, थोडासा मिसळलेला पदार्थ) घातलंय आणि काचा उजव्या वळणाच्या जोडल्या आहेत असं समजा. डोपंट जिंकतो, सगळी सेल चुकीच्या वळणात जाते आणि व्होल्टेज देताच तुकडे. प्रीटिल्ट उत्तम असूनही!

निदान सोपं आहे. त्याच बॅचच्या दोन काचा घ्या, घासण्याच्या दिशा एकमेकींच्या बरोबर उलट ठेवून, म्हणजे अँटिपॅरलल, डोपंटशिवाय सेल बनवा. तिला व्होल्टेज द्या. सेल एकसंध बदलली तर प्रीटिल्ट आहे, तुमच्या टीएन सेलमध्ये वळणाचा घोळ आहे. मग एक काच १८० अंशांनी फिरवून जोडा किंवा डोपंट बदलून उजवं वळण देणारं आर-८११ घ्या. अँटिपॅरलल सेलचेही तुकडे पडले तर प्रीटिल्टच नाही. बेकिंग आणि घासण्याची पद्धत तपासा.

डोपंट अजिबात घातलं नसेल तर आणखी एक प्रकार दिसतो: व्होल्टेजशिवायही बारीक रेषांनी वेढलेले भाग. ते डाव्या-उजव्या वळणाचे शेजारी. ई७ मध्ये डोपंट वजनानं ०.१ टक्क्याच्या आसपास घातलं तरी पुरतं. जास्त घालू नका, सेल चालू करायला लागणारं व्होल्टेज उगाच वाढतं. आणि प्रत्येक काचेचा एक कोपरा डायमंड पेननं खुणावून ठेवा. घासण्याच्या सुरुवातीचा कोपरा कोणता हे जोडताना आठवत नाही, कुणालाच.

प्रीटिल्ट किती हवा हे डिस्प्लेवर ठरतं. टीएनला १ ते ३ अंश भागतात. १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या ब्राउन बोव्हेरी कंपनीत शेफर आणि नेरिंग यांनी २७० अंश वळणाचा डिस्प्ले दाखवला, तेव्हा एवढ्या वळणात कमी प्रीटिल्टवर पट्टे उमटतात हे लक्षात आलं. त्यांनी तिरप्या कोनातून सिलिकॉन मोनॉक्साइडचा थर बसवून मोठा प्रीटिल्ट मिळवला. ती पद्धत निर्वात कक्षातली, मोठ्या काचांना महाग. कारखान्यांनी वळण २४० अंशांच्या आसपास आणलं आणि घासून ४ ते ८ अंश देतील अशी पॉलिइमाइडं मागितली. रसायनवाल्यांनी ती साखळीला लांब अल्किल शेपट्या लावून दिली. या शेपट्या पृष्ठभागाला तेलकट करतात आणि रेणूंना वर ढकलतात. आपल्याकडचा दुवा इथे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काजूच्या टरफलाच्या तेलातून मिळणारी पंधरा कार्बनची शेपटी लावलेली पॉलिइमाइडं बनवली गेली आहेत. कोकणात काजू फोडताना हात भाजणारं तेच तेल. शेपट्या पुरेशा दाट केल्या तर रेणू उभेच राहतात, आणि व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) पद्धतीच्या टीव्हींना तेच हवं असतं.

आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) डिस्प्लेची मागणी नेमकी उलटी. तिथे रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे प्रीटिल्ट जितका शून्याजवळ तितका बाजूनं बघताना काळा रंग काळा राहतो. घासून शून्य मिळवणं अवघड. यूव्हीचा खरा फायदा तिथे आहे.

यूव्हीबद्दल. रबिंग ही या उद्योगातली सगळ्यात अडाणी पायरी, असं मला नेहमी वाटत आलंय. धुळीचा एक कण सहन न होणाऱ्या खोलीत तुम्ही कापड गुंडाळलेला रोलर आणता, तो तंतू सोडतो, स्थिर वीज तयार करतो आणि ट्रान्झिस्टर मारतो. खांब आणि तारांच्या उंचवट्यांमागे कापड पोचतच नाही, तिथून प्रकाश गळतो. न टेकता दिशा द्यावी ही कल्पना म्हणूनच जुनी आहे. १९८८मध्ये जपानमध्ये इचिमुरा यांनी अॅझोबेंझिनच्या थरावर प्रकाश टाकून रेणूंना उभं-आडवं केलं. १९९१मध्ये गिबन्स यांच्या गटानं ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशानं दिशा फिरवून दाखवली, आणि १९९२मध्ये शाट यांच्या गटानं पॉलिव्हिनाइल सिनामेटवर ध्रुवीकृत यूव्ही टाकून कायमची दिशा मिळवली. हा शाट म्हणजे हेलफ्रिखबरोबर टीएन डिस्प्ले शोधणाराच. तरी कारखान्यांत ही प्रकाशाची पद्धत रुळायला बराच वेळ लागला. शार्पनं २००९मध्ये यूव्ही२ए जाहीर करून टीव्हीच्या मोठ्या काचांवर ती आणली. उशीर का? दिशा मिळणं वेगळं आणि तासन्‌तास एकच चित्र ठेवल्यावर त्याची छाया न उरणं वेगळं. प्रकाशानं तुटलेल्या किंवा अर्धवट जोडलेल्या साखळ्यांची पकड सुरुवातीला कमजोर होती.

तुमच्या प्रयोगशाळेत हे जमेल का? सायक्लोब्युटेन असलेल्या पॉलिइमाइडवर २५४ नॅनोमीटरचा ध्रुवीकृत प्रकाश टाकला की ध्रुवीकरणाच्या दिशेतल्या साखळ्या तुटतात, आडव्या उरतात आणि रेणू त्यांच्या बाजूनं बसतात. पण साधी पोलरायझर फिल्म ही तरंगलांबी गिळून टाकते. वायर-ग्रिड पोलरायझर महाग. क्वार्ट्‌झच्या तिरप्या पट्ट्यांचा गठ्ठा चालतो, पण जुळवाजुळव फार. आणि २५४ नॅनोमीटर डोळ्यांना घातक आहे.

त्यापेक्षा ब्रिलियंट यलो नावाचा अॅझो रंग घ्या. तो स्वस्त आहे, डीएमएफ या द्रावकात १ टक्क्याच्या आसपास विरघळतो, स्पिन होतो, आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीला साध्या पोलरायझर फिल्ममधून उत्तम प्रतिसाद देतो. क्रिस्टल ध्रुवीकरणाच्या दिशेला काटकोनात बसतात. दोन गोष्टी सांभाळा. स्पिन करताना हवा कोरडी हवी. ४० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की दिशा विस्कटते, त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-कोकणात डीह्युमिडिफायरशिवाय हा प्रयोग करू नका. आणि तयार सेल उजेडात ठेवू नका, कारण पुढचा प्रकाश आधीची दिशा पुसू शकतो. सरळ पडलेल्या प्रकाशानं प्रीटिल्ट मिळत नाही हेही विसरू नका. या थरावर टीएन सेल केली तर वरचे तुकडे पुन्हा दिसणारच. आयपीएस किंवा ग्रेटिंगसाठी हा थर चांगला.

प्लाझ्मानं नुसता पृष्ठभाग सक्रिय होतो, पॉलिमर नीट पसरतो, पण सगळीकडून पडणारा प्लाझ्मा दिशा देत नाही. दिशेसाठी आयन तिरपे, एकाच बाजूनं यावे लागतात. आयबीएममध्ये प्रवीण चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये हिऱ्यासारख्या कार्बनच्या थरावर तिरपा आर्गनचा झोत टाकून हे करून दाखवलं. तुमच्याकडचा साधा प्लाझ्मा क्लीनर त्यासाठी नाही. काच स्वच्छ करायला जरूर वापरा, पण पॉलिइमाइड देण्याआधी, घासल्यानंतर नव्हे.

रेघांबद्दल एक गोष्ट राहिली. ई७ थंड असताना भरलं तर ते वाहत आलेल्या दिशेच्या खुणा ठेवतं. हॉट प्लेटवर ६५ अंशांपर्यंत तापवून, साधा द्रव झाल्यावर भरा, आणि मग हळू थंड होऊ द्या. रेघा भरण्याच्या तोंडापासून पंख्यासारख्या पसरलेल्या असतील तर दोष भरण्याचा आहे. घासण्याच्या दिशेला समांतर असतील तर मखमलीचा किंवा कच्च्या बेकिंगचा. पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा व्होल्टेजशिवायचा आणि ३ व्होल्टवरचा असे दोन्ही पाठवा, आणि त्यांवर दोन्ही काचांच्या घासण्याच्या दिशेचे बाण, दोन्ही पोलरायझरांचे अक्ष आणि डोपंटचं नाव लिहा. त्याशिवाय नेमकं कारण सांगता येणार नाही.